भावसिंग महाराजांच्या नावाचा दगड

या, असे जवळ या. त्या खांबाशी टेकून लांब बसलात तर निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाईल. पाट सरकवा, पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, आणि ऐका. समाधीच्या दगडाची गोष्ट आहे, पण घाबरू नका, रडायचं काही नाही. रडायचं ते आम्ही तेव्हाच रडून घेतलं, आणि ते सगळं रडणं फुकट गेलं. देवाची कृपा, दुसरं काय!

महागावहून दोन-तीन कोसांवर, नाल्याच्या पलीकडे एक तांडा आहे. तिथे भावसिंग महाराज राहत. पिढ्यान्पिढ्या बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूख फिरणाऱ्यांचा तो तांडा. रेल्वे आली, मोटारी आल्या, तशी बैलांची लदेणी बंद पडली आणि ही माणसं जमीन कसू लागली. महाराजांनी तरुणपणी बैल हाकले, मग ज्वारी-कापूस केला, आणि या सगळ्यात कीर्तन कधी शिकले ते त्यांनाच ठाऊक. अक्षरओळख नाही. पण एकदा कानावर पडलेला अभंग गळ्यातून गेला नाही. त्यांच्या कीर्तनाला मृदंग नसे. पुतण्या रामसिंग नगारा वाजवी. पूर्वरंग मराठीत चाले, आणि कथा रंगात आली की महाराज नकळत आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत शिरत. आम्हाला शब्द कळत नसत, तरी पदर डोळ्यांना लागायचाच. पार केळापूरपासून माणसं त्यांना ऐकायला यायची. आमच्या मारुतीच्या देवळात त्यांचं कीर्तन असलं की मी दुपारीच जाऊन जागा धरत असे.

माझा थोरला भाऊ नीळकंठ, आमचा दादा, पोस्टमास्तर होऊन निवृत्त झालेला. तोही महाराजांचा भक्त, पण त्याला आणखी एक वेड होतं. थोर माणसांच्या समाध्यांवर आणि थडग्यांवर काय लिहिलेलं असतं ते गोळा करायचं आणि जेवताना आम्हाला ऐकवायचं.

"कुंदा, ऐक. एका नामांकित डॉक्टरच्या थडग्यावर लिहिलंय, 'अनेकांना वाचवलं, हा एक राहिला.'"

"दादा, भात गार होतोय."

"आणि एका न्यायाधीशाच्या दगडावर फक्त एवढंच, 'निकाल राखून ठेवला आहे.' आहे की नाही? आणि त्या गवयाच्या थडग्यावर, 'पुढचा स्वर तुम्ही लावा.' माणूस गेला तरी बोलतोय बघ!"

खरे किती आणि जेवताना सुचलेले किती, ते दादाच जाणे. पण एक गोष्ट तो मनापासून म्हणायचा, "आपल्याकडे एवढी थोर माणसं होतात, आणि त्यांच्या दगडावर धड एक ओळ नसते."

महाराष्ट्र राज्य होऊन नुकतं वर्ष उलटलं होतं. त्या श्रावणात महाराज तापाने आडवे झाले. उतरायचं नाव नाही. मी रोज मारुतीला प्रदक्षिणा घालत होते, आणि दादा ओसरीवर बसून समाधीचा लेख जुळवत होता. मी एकदा भडकलेच.

"अरे दादा, माणूस जिवंत आहे!"

"मोठ्या माणसाचं काम आयत्या वेळी करून भागत नाही, कुंदा. 'नामाची गंगा' म्हणू की 'नामाचा सागर'?"

"तू आधी त्यांना बरं म्हण!"

पोळा झाला आणि पावसाने जोर धरला. दादाचा मुलगा अनंत, शाळेत मास्तर, सायकल घेऊन महाराजांच्या चौकशीला निघाला. नाल्याशी पोचला तर नाला दुथडी भरून चाललेला. पलीकडे तांडा दिसतो, पण जाता येत नाही. तेवढ्यात त्याला पलीकडून रडणं ऐकू आलं. एकट्या-दुकट्याचं नाही. बायांचा मोठा, सुरात चढत जाणारा आकांत, आणि तोही थेट महाराजांच्या घरासमोरून. अनंतने सायकल तिथेच वळवली.

तो आला तेव्हा मी दिव्याची वात करत होते. त्याने काही सांगायची गरजच पडली नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. नाला उतरेना, त्यामुळे शेवटचं दर्शनही झालं नाही. मारुतीच्या देवळात शोकसभा झाली. अनंतने भाषण लिहून आणलं होतं, ते वाचताना तो तीनदा थांबला. दुकानं बंद राहिली. दादा मात्र सभेतून उठला तो तडक गोविंदा पाथरवटाकडे गेला. काळा, गुळगुळीत दगड निवडला आणि गोविंदाची टाकी चालेस्तोवर त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला. कुठला शब्द कुठे येणार ते दाखवताना त्याचे डोळे वाहत होते. वेड म्हणा, पण प्रेम होतं ते.

नाला ओसरला तशी गोविंदाने गाडी जुंपली. मागे दगड, त्यावर गोणपाट, पुढे दादा, अनंत आणि हार-फुलांची परडी मांडीवर घेतलेली मी. तांड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक विहीर आहे, चिंचेखाली. तिथे गोविंदाने गाडी थांबवली आणि आम्ही तिघं हार घेऊन आत चालत गेलो.

महाराजांच्या घरासमोर बाज टाकलेली होती. बाजेवर महाराज बसले होते. वाळले होते, पण बसले होते. हातात आंबिलीची वाटी.

आम्ही जिथे होतो तिथे खिळलो. माझ्या हातातली परडी तिरपी झाली आणि झेंडूची फुलं गडगडत त्यांच्या बाजेपर्यंत गेली.

"या, या पोस्टमास्तर!" महाराज म्हणाले. "काहून उभे राह्यले? बसा न. हे हार कायचे? कोन गेलं?"

दादाने हातातला हार पाठीमागे नेला. मग म्हणाला, "आपणच, महाराज."

महाराजांनी वाटी खाली ठेवली. "कवा?"

"ते... गेल्या आठवड्यात," अनंत पुटपुटला.

महाराजांनी घराच्या दाराकडे मान वळवली. "अव धने! म्या मेलतो मनते, अन् तू मले सांगतलं भी नाही?"

धनीबाई, महाराजांची कारभारीण, पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिच्यामागून आणखी एक म्हातारी, दंडभर पांढरे चुडे घातलेली, खणखणत आली. महाराजांची बहीण लालीबाई. केळापूरकडे दिलेली, भावाचं दुखणं ऐकून कित्येक वर्षांनी माहेरी आली होती. अनंतने चाचरत सगळं सांगितलं. नाला, पूर, रडणं. आणि ऐकता ऐकता लालीबाई जी हसायला लागली, ती भिंतीला धरून खाली बसली.

"अरे मास्तर, थे तं म्या रडून राह्यलती! आमच्यात रीतच हाय बाप्पा. बाई बाईले वर्साईनं भेटली का गळ्यात गळा घालून रडते. मधात जे जे मेले, माय, बाप, सासू, त्याइचं एकएकाचं नाव घेऊन रडा लागते. त्याच्याबिगर पानी भी नाही देत कोनी."

"पण इतकं मोठ्यानं?" अनंत म्हणाला.

"बारा वर्साचं राह्यलेलं रडनं व्हय. लहान कसं रडू?"

मग काय सांगू! मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. आणलेले हार आम्ही जिवंत गळ्यातच घातले. महाराजांना तर गंमतच वाटली. त्यांनी अनंतला शोकसभेचं भाषण वाचायला लावलं. अनंत लाजेने लाल झाला होता, पण खिशात कागद होता. "त्यांचा आवाज आता पुन्हा ऐकू येणार नाही" इथवर आला, तर महाराज म्हणाले, "थांबा, इथं जरासा चुकला तुमचा कागद," आणि त्यांनी बसल्या बसल्या एक विठ्ठल उचलला. आवाज चिरका होता, दम पुरत नव्हता. पण माझ्यासाठी तेवढ्यात सगळं देऊळ भरलं.

तोच गोविंदा हाका मारत आला. "मास्तर, दगड कुठं उतरवू? बैल किती वेळ उभे ठेवू?"

दादाने त्याला खुणेने गप्प करायला पाहिलं, पण धनीबाईने ऐकलं होतं.

"कायचा दगड?"

ती गोविंदाच्या मागोमाग झपाझप विहिरीकडे निघाली. आम्ही तिच्यामागे. तिने गोणपाट ओढलं. अक्षरांवर तळवा फिरवला.

"याच्यात त्याचं नाव हाय? कुठं?"

अनंतने बोट दाखवलं. तापलेल्या तव्याला लागावा तसा तिने हात मागे घेतला.

"फोडा याले."

गोविंदाने दोन्ही कानांना हात लावला. "माय, वरतं श्रीहरि कोरलं हाय. देवाच्या नावाच्या दगडावर म्या घन नाही घालत. दुसऱ्या कोनाले सांगा."

"वहिनी, परत नेतो," दादा घाईने म्हणाला. "आमच्या परसात ठेवतो. झाकून."

"कायले? तिथं बसून थो त्याची वाट पाहीन! खोदलेला खड्डा खाली नाही राहात, पोस्टमास्तर. मानसाले घेतल्याबिगर नाही राहात. अन् तुमी तं नाव घालून ठेवलं."

ती बैलांच्या समोर जाऊन उभी राहिली. जू दोन्ही हातांनी धरलं. "हा तांड्यात येनार नाही. अन् माघारी भी जानार नाही. सारा श्रावन म्या त्याले वाटी-वाटीनं ओढून आनलं. तुमी त्याले दगडात धाडलं."

ती ओरडत नव्हती, रडतही नव्हती. पण तिने जू असं दाबून धरलं होतं की बैल माना हलवत होते आणि त्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या. मी जवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडाच्या ओंडक्यासारखी ताठ होती. दादा खाली मान घालून उभा. दगड फोडता येत नाही, ठेवता येत नाही, नेता येत नाही. एवढा आनंदाचा दिवस, आणि आता त्याला ही गाठ बसली होती.

काठी टेकत टेकत महाराज आले, मागे लालीबाई आणि पुतण्या रामसिंग. महिन्याभरात पहिल्यांदाच एवढं चालले असतील. चिंचेच्या मुळावर बसून त्यांनी दम घेतला.

"वाचा, नीळकंठराव. ज्याचं त्याले तं ऐकू द्या."

दादाने वाचलं. आवाज खाली, पण पाठ तर होतंच:

॥ श्रीहरि ॥
वाटसरू, क्षणभर थांब.
ज्यांच्या कंठातून नामाची गंगा वाहिली
ते भावसिंग महाराज येथे समाधिस्थ झाले.

महाराजांनी मान डोलावली. "बेस हाय. एवढा मोठा तं म्या कीर्तनात भी नसतो. पन एक सांगा, वाटसरूले थांब मनता. तो बिचारा थांबला. मंग त्याले देता काय?"

"म्हणजे?" दादा गोंधळला. "तो... वाचेल. आपलं स्मरण करेल."

"उन्हातानात उभं ठेवून? आमच्या लदेणीत असं नव्हतं बाप्पा. पुढच्या मानसानं उगीच थांब मनलं तं मागचे शिव्या देत. बैलाच्या पाठीवर ओझं असते न."

"शिव्या काय, गोटे मारत," लालीबाई म्हणाली.

धनीबाईचे हात अजून जुवावरच होते. पण ती बोलायला लागली, आणि ती कोणाकडे न पाहता, बैलांशी बोलावं तसं बोलत होती.

"लगन होऊन आली तवा म्या पोरगीच होती. दिवसभर बैलाईच्या मागं चालनं. धुळीनं समोरचं दिसे नाही. हा सर्वाईच्या पुढं. पुढच्या मानसाचं कामच थे. पानी पाहायचं, सोता पिऊन पाहायचं, अन् मंग मागं हाळी द्यायची. खारं असलं, गढूळ असलं, तं चुपचाप पुढं. म्या मनात मने, आता बोलन, आता बोलन. अन् मंग लांबून याचा आवाज ये..." ती थांबली. "'बैल सोडा, पानी गोड हाय!' तुमी याच्या कीर्तनात रडता, कुंदाबाई. म्या नाही रडत. म्या त्याच्या गळ्यातून तेवढंच ऐकाले जीव मुठीत धरून चालत होती."

वारा पडला होता. चिंचेच्या पानावरचं पाणी दगडावर टपटपत होतं.

मग तिने जू सोडलं आणि दगडापाशी आली. "देवाचं नाव राहू द्या," ती गोविंदाला म्हणाली. "थांब मनलं थे भी राहू द्या. याचं नाव काढा, अन् मेल्याचं काढा. अन् त्याच्या जागी त्याची हाळी लिहा. अन् दगड इथंच गाडा, इहिरीपाशी. मंग थो कोनाची वाट नाही पाहनार. लोकाइले बलावन."

गोविंदाने दादाकडे पाहिलं. ओळी दादाच्या. 'नामाची गंगा' जुळायला त्याला अख्खा श्रावण लागला होता. तो त्या ओळींवरून बोट फिरवत उभा राहिला, आणि मला वाटलं, आता हा नाही म्हणेल. मग त्याने चष्मा काढून पुसला.

"काढ, गोविंदा," तो म्हणाला. "गंगासुद्धा काढ. इथे विहीर आहे, पुरे झाली."

"आधीच विचारलं असतं तं माह्या हाताचे फोड वाचले असते," गोविंदा कुरकुरला, आणि त्याने टाकी घेतली.

दगड उतरवून गोणपाटावर ठेवला. ठक ठक टाकी चालली. धनीबाई शेजारीच बसून होती. नावाची एकेक कपरी उडाली की ती वेचून ओढणीत टाकी. एकसुद्धा जमिनीवर राहू दिली नाही. सगळं नाव निघालं तेव्हा ती उठली, नाल्यावर गेली आणि ओढणी झटकून आली. तिथून परतताना तिची चाल मला वेगळी दिसली. पाठीवरची गोणी उतरल्यासारखी.

गोविंदाने नवी ओळ खडूने आखली आणि टाकी लावणार, तोच महाराजांनी काठी आडवी धरली.

"थांबा. पुरानंतर इहिरीचं पानी कोनी पाह्यलं? असंच कसं लिहिता?"

"महाराज, आता काय त्याचं!" दादा म्हणाला.

"वा! खोटी हाळी देऊ काय म्या, या वयात?"

रामसिंगने पोहरा सोडला. महाराजांनी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घोळवलं, डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. खरं सांगते, कीर्तनात उत्तररंगाच्या ऐन क्षणीही मी इतकं रोखून पाहिलं नसेल. त्यांनी घोट गिळला आणि धनीबाईकडे पाहिलं. आणि मग, दम नसलेल्या त्या गळ्यातून, होता नव्हता तेवढा आवाज काढून हाळी दिली.

"बैल सोडा! पानी गोड हाय!"

गोविंदाने खरंच जाऊन बैल सोडले.

आणि तेव्हा धनीबाई माझ्याकडे वळली, दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि रडायला लागली. सुरात, चढत्या आवाजात, एकेक नाव घेऊन. तिची माय, तिचा बाप, वाटेत गेलेलं एक लेकरू, मला नावही माहीत नसलेले किती जण. मला त्यांची बोली येत नाही. पण मीही माझे मेलेले काढले. आमची आई, माझे यजमान. दोघी मिळून त्यांना रडलो. इतकं मोकळं मी त्याआधी कधी रडले नव्हते. माझ्या घरात हुंदका दाबायची रीत.

अनंत घाबरून धावत आला. "आत्या! आता काय झालं?"

"भेऊ नका मास्तर," महाराज चिंचेखालून म्हणाले. "कोनी नाही मेलं. तुमची आत्या आमच्या घरी आली."

त्या संध्याकाळी विहिरीपाशी नगारा वाजला. महाराजांनी दोनच अभंग म्हटले. जास्त म्हणू दिलं नाही धनीबाईने.

पुढे पाच वर्षं महाराज कीर्तन करत होते. गेले तेव्हा खरोखरच गेले, शांतपणे, पिकं घरात आल्यावर. त्या वेळी अनंत दारापर्यंत जाऊन, डोळ्यांनी पाहून मगच परत आला. तांड्याने त्यांना त्यांच्याच शेताच्या बांधावर समाधी दिली. लोक दादाकडे आले, दोन ओळी द्या म्हणाले. दादाने धनीबाईला विचारलं. ती म्हणाली, "त्याचं लिहून झालं." समाधीवर आजही एक अक्षर नाही.

दगड मात्र विहिरीपाशी आहे. आता तिथून एस.टी. जाते. तिचा म्हातारा ड्रायव्हर तिथे थांबतो, इंजिन बंद करून हटकून म्हणतो, "चला, आमचेही बैल सोडले," आणि सगळी गाडी उतरून पाणी पिते. महाराजांचं नाव तिथे नाही, तरी लोक घेतात. गोष्ट ठाऊक आहे ना.

धनीबाई मागल्या वर्षी गेली. तिच्या नावाचा दगड कुठेच नाही, आणि तिची गोष्ट सांगणारी माणसंही थोडीच. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. कधी त्या वाटेने गेलात तर पोहरा ओढा, पण पहिला घोट घेण्याआधी क्षणभर थांबा आणि धनीबाईला आठवा. धुळीत मागे चालणारी, आणि पुढून हाळी येईल म्हणून कान लावून असणारी.